गर्दीच्या शर्यतीला माणुसकीची वाट दाखविणारे फ्रेड लेबो

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानाच्या पूर्वेकडील एका प्रवेशद्वारापाशी ब्राँझचा एक पुतळा उभा आहे. डोक्यावर टोपी, अंगात धावपटूंचा सैलसर पोशाख आणि मनगटावरील घड्याळावर खिळलेली नजर, असे त्याचे रूप आहे. दर वर्षी न्यूयॉर्क मॅरेथॉनचा दिवस जवळ आला की हा पुतळा तेथून हलवून शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ नेण्याचा प्रघात आहे. शर्यत संपली की तो पुन्हा आपल्या जागी परततो. हा पुतळा कोणा ऑलिंपिक विजेत्याचा नाही. ज्याला स्वतःला कधीही वेगाने धावता आले नाही, अशा एका सामान्य धावपटूचा तो आहे. फ्रेड लेबो हे त्यांचे नाव.

आज जगातील अनेक महानगरांत वर्षातून एक दिवस रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि हजारो नागरिक त्यांवरून धावतात. त्यांपैकी बहुसंख्यांना पदकाची आशा नसते. कोणी कर्करोग संशोधनासाठी, कोणी अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी, तर कोणी दृष्टिहीनांसाठी निधी जमवीत असतो. शहरी मॅरेथॉनचे हे रूप आज सर्वपरिचित असले तरी १९७० पूर्वी ते जवळजवळ कोठेच नव्हते. ते घडविण्यात लेबो यांचा वाटा फार मोठा आहे. मात्र अशा शर्यतीचा खरा अर्थ त्यांना स्वतःला उमगला तो आयुष्याच्या अगदी अखेरीस, मृत्यू समोर उभा असताना.

निर्वासित ते न्यूयॉर्ककर

फ्रेड लेबो यांचा जन्म ३ जून १९३२ रोजी रुमानियातील अराद या गावी एका सनातनी ज्यू कुटुंबात झाला. फिशेल लेबोविट्झ हे त्यांचे मूळ नाव. सात भावंडांमध्ये त्यांचा क्रमांक सहावा होता. त्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या आणि ज्यूंच्या छळाच्या सावटाखाली गेले. युद्धानंतर रुमानियात साम्यवादी राजवट आली आणि कुटुंबाची पांगापांग झाली. किशोरवयातच घर सोडावे लागलेल्या फ्रेड यांनी युरोपातील अनेक देशांत निर्वासिताचे जिणे अनुभवले आणि अखेर अमेरिका गाठली.

अमेरिकेतही ते लगेच स्थिरावले नाहीत. कॅन्सस सिटी आणि क्लीव्हलँड येथे त्यांनी काही काळ काढला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये वस्त्रोद्योगात त्यांचा जम बसला. नामांकित रचनाकारांच्या महागड्या पोशाखांवरून बेतलेले स्वस्त कपडे बाजारात आणण्याच्या धंद्यात ते तरबेज झाले. नवी लाट कोणती येणार आणि ती सामान्य ग्राहकाच्या खिशाला परवडेल अशी कशी करायची, याची जाण त्यांना याच व्यवसायाने दिली. पुढे धावण्याच्या बाबतीतही त्यांनी नेमके हेच केले.

धावण्याकडे ते वळले ते टेनिसमुळे. खेळताना दम टिकावा म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सेंट्रल पार्कमधील जलाशयाभोवती धावण्यास सुरुवात केली. त्या काळी रस्त्यावरून धावणारा प्रौढ माणूस लोकांच्या कुतूहलाचा, क्वचित चेष्टेचाही विषय असे. लांब पल्ल्याच्या शर्यती होत, पण त्यांत मोजकेच स्पर्धक उतरत. टेनिस लवकरच मागे पडले. धावणे मात्र सुटले नाही.

एक डॉलर शुल्काची शर्यत

न्यूयॉर्कमधील धावपटूंची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली होती. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधित्व केलेले कृष्णवर्णीय धावपटू टेड कॉर्बिट हे तिचे पहिले अध्यक्ष. शर्यतीचे अंतर अचूक मोजण्याचे शास्त्र अमेरिकेत रुजविण्याचे श्रेय कॉर्बिट यांना दिले जाते. लेबो या संघटनेत दाखल झाले तेव्हा तिच्या शर्यती शहराच्या एका कोपऱ्यात होत असत. शर्यत जर शहराच्या मध्यवर्ती उद्यानात झाली तर लोक ती पाहतील आणि पाहणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या वर्षी धावतील, असा विचार लेबो यांनी मांडला.

त्यानुसार १३ सप्टेंबर १९७० रोजी व्हिन्स चियापेटा यांच्या साहाय्याने त्यांनी पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये भरविली. प्रवेश शुल्क होते एक डॉलर आणि एकूण अंदाजपत्रक सुमारे एक हजार डॉलरचे. नावे नोंदविली १२७ जणांनी. उद्यानाला चारहून अधिक फेऱ्या मारायच्या होत्या. उकाड्यामुळे अनेकांनी वाटेतच माघार घेतली आणि अवघ्या ५५ जणांनी ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पूर्ण केले. अग्निशमन दलात काम करणारे गॅरी मुर्के पहिले आले. विजेत्यांना साधी मनगटी घड्याळे आणि जुन्या स्पर्धांतील चषक देण्यात आले. स्वतः लेबोही या शर्यतीत धावले आणि चार तासांहून अधिक वेळ घेऊन ४५ वे आले. नाव नोंदविलेली एकमेव महिला, नीना कुस्किक यांना प्रकृती ठीक नसल्याने शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती.

महिलांचा प्रश्न त्यानंतर लवकरच ऐरणीवर आला. इतके अंतर स्त्रियांच्या शरीराला झेपणार नाही, अशी समजूत तेव्हा क्रीडा संघटनांमध्येही पक्की होती. १९७२ मध्ये लेबो संघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सेंट्रल पार्कमध्ये केवळ महिलांची रस्ता शर्यत घेण्यात आली आणि तीत ७८ जणी धावल्या. तिच्या प्रसिद्धीसाठी लेबो यांनी वापरलेल्या काही युक्त्या सवंग होत्या, अशी टीका झाली आणि ती रास्तही होती. मात्र शर्यत टिकली आणि पुढे हजारो महिला तीत धावू लागल्या.

त्याच वर्षीच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये महिलांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी निघावे, असा तत्कालीन क्रीडा संघटनेचा दंडक होता. सहा महिलांनी तो झुगारला. आपल्यासाठी इशारा होताच त्या प्रारंभ रेषेवर खाली बसल्या, दहा मिनिटे बसून राहिल्या आणि पुरुषांचा इशारा झाल्यावर त्यांच्यासोबतच धावल्या. आयोजक असलेल्या लेबो यांनी त्यांची बाजू घेतली. अल्पावधीतच हा नियम मागे पडला.

पाच उपनगरे, एक रस्ता

१९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. गुन्हेगारी वाढलेली, रस्ते अस्वच्छ, उद्योग शहराबाहेर निघालेले. अशा वेळी १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली. जॉर्ज स्पिट्झ या धावपटूने अशी कल्पना मांडली की, या निमित्ताने शर्यत उद्यानाबाहेर काढावी आणि शहराच्या पाचही विभागांतून न्यावी. मॅनहटन विभागाचे अध्यक्ष पर्सी सटन यांनी ती उचलून धरली.

विशेष म्हणजे लेबो यांचा या कल्पनेला सुरुवातीस विरोध होता. एवढा खर्च कोण करणार आणि एवढे रस्ते कोण बंद करू देणार, असा त्यांचा व्यवहारी प्रश्न होता. परंतु बांधकाम व्यवसायातील रुडिन कुटुंबाने आपल्या धावपटू पित्याच्या स्मरणार्थ आर्थिक साहाय्य देऊ केले, महापौर एब्राहम बीम यांनी मान्यता दिली आणि त्यानंतर लेबो यांनी मागे वळून पाहिले नाही. पोलीस, वाहतूक विभाग, पुलांचे प्रशासन, वस्त्यांतील पुढारी अशा प्रत्येकाच्या दारी ते गेले.

२४ ऑक्टोबर १९७६ रोजी २,०९० धावपटू स्टेटन आयलंडहून निघाले आणि व्हेराझानो पूल ओलांडून ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स व मॅनहटन असा प्रवास करीत सेंट्रल पार्कमध्ये पोहोचले. बिल रॉजर्स यांनी २ तास १० मिनिटे १० सेकंदांत ही शर्यत जिंकली. ते धावत असताना इकडे त्यांची मोटार चुकीच्या जागी उभी केल्याने उचलून नेण्यात आली होती, हा किस्सा पुढे प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांमध्ये बाहेरचा माणूस जाण्यास धजत नसे, तेथील रहिवासी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून अनोळखी धावपटूंना प्रोत्साहन देत होते. एका वर्षासाठी योजलेला मार्ग त्यामुळे कायमचा झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत सहभागींची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली.

गर्दीचे व्यवस्थापन हे लेबो यांचे खरे कौशल्य ठरले. अरुंद जागेतून हजारो माणसे एकाच वेळी सोडली तर चेंगराचेंगरी अटळ. म्हणून प्रारंभ वेगवेगळ्या रंगांच्या गटांत विभागण्यात आला. धावपटूंना वाट चुकू नये यासाठी रस्त्यावर निळी रेघ आखण्यात आली. ठरावीक अंतरावर पाणी, वैद्यकीय पथके, हजारो स्वयंसेवक आणि अंतिम रेषेनंतर गर्दी पुढे सरकत राहावी यासाठी आखलेल्या अरुंद मार्गिका अशी व्यवस्था वर्षागणिक सुधारत गेली. प्रारंभस्थळी उभारली जाणारी कित्येक मीटर लांबीची मुतारीदेखील या शर्यतीच्या प्रसिद्धीचा भाग बनली. क्रीडा इतिहासात अशा बाबींची नोंद सहसा होत नाही, पण सामान्य माणसाला मॅरेथॉनमध्ये उतरणे शक्य झाले ते अशा तजविजींमुळेच.

यशाच्या सावल्या

लेबो यांच्या कारकिर्दीत वादही कमी झाले नाहीत. हौशी खेळाडूंना मानधन देण्यास बंदी असतानाच्या काळात नामवंत धावपटूंना पडद्याआड पैसे दिले जात आणि त्यात लेबो आघाडीवर होते. १९८४ पासून न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये बक्षिसाची रक्कम उघडपणे दिली जाऊ लागली. कारभार एकहाती चालविण्याच्या त्यांच्या सवयीमुळे सहकारी दुखावत. प्रायोजकांच्या मागे धावताना खेळाचा आत्मा हरवत असल्याचा आरोप जुने धावपटू करीत. १९८१ मध्ये आल्बेर्तो सालाझार यांनी येथे नोंदविलेला जागतिक उच्चांक नंतर रद्दबातल ठरला, कारण फेरमोजणीत मार्ग सुमारे १५० मीटरने कमी भरला होता. १९७९ मध्ये रोझी रुइझ या महिलेने शर्यतीचा काही भाग चक्क भुयारी रेल्वेने पार केल्याचेही पुढे उघडकीस आले आणि गर्दीत प्रत्येक स्पर्धकावर नजर ठेवण्याची निकड आयोजकांना पटली.

दुसरीकडे लेबो यांची पारख अचूक होती. १९७८ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ यांना निमंत्रण दिले ते केवळ इतरांना सुरुवातीची गती ठरवून देण्यासाठी. मध्यम पल्ल्याच्या धावपटू असलेल्या वाइट्झ त्यापूर्वी कधीही मॅरेथॉन धावल्या नव्हत्या. त्या थांबल्या नाहीत आणि २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत विजयी ठरल्या. तो महिलांचा तत्कालीन जागतिक उच्चांक होता. अखेरच्या टप्प्यात अतोनात त्रास झाल्याने, येथे येण्याचा आग्रह धरणाऱ्या पतीवर त्या शर्यतीनंतर चांगल्याच संतापल्या होत्या. तरीही त्या परतल्या आणि १९८८ पर्यंत त्यांनी ही शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली. या काळात लेबो आणि त्यांच्यात जिव्हाळ्याची मैत्री जुळली.

कृत्रिम पायाची प्रेरणा

न्यूयॉर्क मॅरेथॉनचा धर्मादाय कार्याशी असलेला संबंध कोणी योजून जोडला नव्हता. तो अनपेक्षितपणे जुळला. १९७६ च्या शर्यतीत डिक ट्रॉम नावाचे एक गृहस्थ धावले होते. १९६५ मधील अपघातात त्यांना गुडघ्याच्या वर पाय गमवावा लागला होता. कृत्रिम पाय लावून सात तासांहून अधिक वेळ घेत त्यांनी अंतर पूर्ण केले. पुढे १९८३ मध्ये ट्रॉम यांनी अपंग धावपटूंसाठी अकिलीज ट्रॅक क्लबची स्थापना केली. त्यास लेबो यांच्या संघटनेचे पाठबळ लाभले.

ट्रॉम यांच्या धावण्याची बातमी एका मासिकातून कॅनडात पोहोचली. मार्च १९७७ मध्ये टेरी फॉक्स या १८ वर्षांच्या तरुणाचा पाय हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागणार होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील बास्केटबॉल प्रशिक्षकाने तो लेख त्याच्या हाती ठेवला. तीन वर्षांनंतर, १२ एप्रिल १९८० रोजी टेरीने अटलांटिक महासागराच्या पाण्यात आपला कृत्रिम पाय बुडविला आणि कर्करोग संशोधनासाठी निधी जमवीत कॅनडा पार करण्यास तो निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो धावत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट त्याच्या हयातीतच साध्य झाले. २८ जून १९८१ रोजी तो मरण पावला. त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारी, बक्षीस व क्रमांक नसलेली दौड पुढे अनेक देशांत पोहोचली.

न्यूयॉर्कच्या गर्दीचा आणखी एक परिणाम इंग्लंडमध्ये दिसला. १९५६ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेते ख्रिस ब्रॅशर यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये भाग घेतला आणि शहराचे ते रूप पाहून ते भारावून गेले. जॉन डिसली यांच्या साथीने त्यांनी मार्च १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. धर्मादाय निधी संकलनाचा एक मोठा वार्षिक सोहळा म्हणून ती पुढे जगभर ओळखली गेली.

खुद्द न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली ब्रूस क्लीलँड या व्यावसायिकाने ३८ धावपटूंचा एक चमू उभा केला. त्यांची चिमुकली मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती. चमूतील प्रत्येकाने नातलग व मित्रांकडून देणग्यांची वचने घेतली. शर्यतीअखेर ३ लाख २२ हजार डॉलर जमा झाले. अनोळखी माणसाच्या आजारासाठी कोणी पैसे देईलच असे नाही, पण ओळखीचा माणूस पहाटे उठून महिनोन्‌महिने सराव करतो आहे हे पाहिल्यावर नकार देणे अवघड जाते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. धर्मादाय संस्थांसाठी धावणाऱ्या चमूंची पद्धत अमेरिकेत येथूनच फोफावली.

लेबो यांच्यासाठी मात्र हे सारे अद्याप इतरांचे कार्य होते. शर्यत मोठी व्हावी, तिची चर्चा व्हावी, ती वेळेवर सुटावी आणि सुरळीत पार पडावी, हेच त्यांचे विश्व होते.

रुग्णालयाच्या मार्गिकेत

फेब्रुवारी १९९० मध्ये लेबो यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. हाती काही महिनेच उरल्याची कल्पना त्यांना देण्यात आली. किरणोपचार आणि रसायनोपचार सुरू झाले. तोल जाऊ लागला, केस गळाले, शक्ती ओसरली. तशाही स्थितीत रुग्णालयाच्या मार्गिकेत फेऱ्या मारण्याचा त्यांचा क्रम सुरू झाला. किती फेऱ्यांचा एक मैल होतो याचा हिशेब त्यांनी मांडला होता. ज्या माणसाने शहराचे पाच विभाग एका शर्यतीत गुंफले, त्याच्या वाट्याला आता एक मार्गिका आली होती, आणि तीही ते अंतर म्हणूनच मोजत होते.

उपचारांना प्रतिसाद मिळाला आणि रोग काही काळ माघारला. या दिवसांनी लेबो यांच्यात बदल घडविला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. एरवी उतावीळ आणि हुकमी स्वभावाचा हा माणूस इतर रुग्णांशी बोलू लागला, त्यांना चालण्यास प्रवृत्त करू लागला. कर्करोग संशोधनासाठी निधी उभारण्याच्या कार्यात ते आता आयोजक म्हणून नव्हे, तर एक रुग्ण म्हणून सामील झाले. शर्यत आणि रोगाविरुद्धचा लढा यांची सांगड त्यांच्या आयुष्यात प्रथमच इतक्या जवळून पडली होती.

जगभरात तब्बल ६९ मॅरेथॉन धावलेल्या लेबो यांनी एक शर्यत मात्र कधीच केली नव्हती. पाच विभागांतून जाणारी आपली स्वतःची न्यूयॉर्क मॅरेथॉन त्यांनी नेहमी पुढील मोटारीतून वा अंतिम रेषेवरूनच पाहिली होती. साठाव्या वर्षी ती धावण्याचा निश्चय त्यांनी केला. ग्रेटे वाइट्झ यांनी सोबत धावण्याचे मान्य केले.

पाच तास बत्तीस मिनिटे

१ नोव्हेंबर १९९२ रोजी लेबो आणि वाइट्झ हजारोंच्या गर्दीत स्टेटन आयलंडहून निघाले. लेबो संथ गतीने धावत होते. मधूनमधून त्यांना चालावे लागे. रस्त्याकडेच्या लोकांना त्यांची ओळख पटत होती आणि वस्त्यांमागून वस्त्या त्यांच्या नावाचा गजर करीत होत्या. १६ वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांसाठी त्यांनी कार्यालयांचे उंबरठे झिजविले, ते रस्ते ते आता पायांखाली प्रथमच अनुभवत होते. पहिले धावपटू केव्हाच घरी पोहोचले होते. मागे राहिलेल्यांच्या जगात, जेथे प्रत्येक किलोमीटर हा स्वतःशीच केलेला करार असतो, तेथे लेबो त्या दिवशी सामील झाले होते.

वाइट्झ यांच्यासाठीही ही परीक्षाच होती. हे अंतर अडीच तासांत पार करण्याची सवय असलेल्या या विजेतीला त्याच्या दुप्पटीहून अधिक काळ पायांवर राहायचे होते आणि शेजारी धावणारा मित्र कोसळणार तर नाही ना, याची चिंता वाहायची होती. हेतू जिंकण्याचा नव्हता, सोबत करण्याचा होता. नऊ विजयांनंतरची तिची ही धाव तिच्या चाहत्यांच्या स्मरणात सर्वाधिक राहिली, यात नवल नाही.

दोघांनी हात धरून अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा ५ तास ३२ मिनिटांहून थोडा अधिक काळ लोटला होता. दोघांचेही डोळे पाणावले होते. लेबो यांनी गुडघे टेकून त्या रेषेचे चुंबन घेतले. ती रेषा त्यांनीच आखून घेतली होती आणि हजारोंना ती ओलांडताना पाहिले होते. तिचे मोल काय असते, हे त्यांना त्या सायंकाळी कळले असावे.

पंचविसावी शर्यत

त्यानंतर रोगाने पुन्हा उचल खाल्ली. ९ ऑक्टोबर १९९४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, फ्रेड लेबो यांचे निधन झाले. पंचविसाव्या न्यूयॉर्क मॅरेथॉनला तेव्हा चार आठवडे उरले होते. सेंट्रल पार्कमध्ये शर्यतीच्या अंतिम रेषेपाशीच त्यांना श्रद्धांजली वाहण्यात आली आणि त्यासाठी हजारो नागरिक जमले. शर्यतीच्या दोन दिवस आधी, ४ नोव्हेंबर रोजी शिल्पकार हेसुस इग्नासिओ डोमिंगेझ यांनी साकारलेल्या त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्या वर्षीची शर्यतही अविस्मरणीय ठरली. आघाडीवर असलेले मेक्सिकोचे हेर्मान सिल्वा शेवटच्या टप्प्यात चुकीच्या वळणावर शिरले, चूक लक्षात येताच माघारी फिरले आणि तरीही जिंकले. महिलांमध्ये केनियाच्या टेग्ला लोरूपे यांनी विजय मिळवून आफ्रिकी महिला धावपटूंसाठी नवे दालन उघडले. जवळपास ३० हजार जणांनी शर्यत पूर्ण केली. १९७० मध्ये हा आकडा ५५ होता.

लेबो यांच्यावर उपचार झालेल्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रासाठी धावणाऱ्या धावपटूंच्या चमूला त्यांच्या स्मरणार्थ फ्रेड्स टीम असे नाव देण्यात आले. या चमूने कर्करोग संशोधनासाठी आजवर दहा कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला आहे.

मुंबईपर्यंतची वाट

महानगरांच्या मॅरेथॉनची ही परंपरा भारतातही रुजली. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉनला प्रारंभ झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या ऐतिहासिक वास्तूपासून निघणाऱ्या या शर्यतीत आफ्रिकेतील अव्वल धावपटूंबरोबरच कारखान्यातील कामगार, विद्यार्थी, गृहिणी आणि ज्येष्ठ नागरिक सहभागी होतात. कमी अंतराच्या ड्रीम रनमध्ये तर स्वयंसेवी संस्थांचे फलक, रंगीबेरंगी वेशभूषा आणि व्हीलचेअरवरील सहभागी यांची रीघ लागते. शेकडो संस्था या एका दिवसाच्या निमित्ताने आपल्या कार्यासाठी निधी उभारतात. मरीन ड्राइव्हवरून धावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना फ्रेड लेबो हे नाव ठाऊक असेल.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात. गर्दीच्या शर्यतींत राखीव प्रवेश मिळविण्यासाठी मोठी रक्कम जमविण्याची अट असते आणि ती सामान्य धावपटूच्या आवाक्याबाहेर जाते. धर्मादाय हेतूआड प्रायोजकांची जाहिरातबाजी चालते, असेही म्हटले जाते. हे आक्षेप निराधार नाहीत. लेबो यांच्या स्वतःच्या कारकिर्दीतही व्यापार आणि ध्येय यांची सरमिसळ कायम होती. परंतु या गर्दीतून उभ्या राहिलेल्या निधीने असंख्य रुग्णांवर उपचार झाले आणि संशोधनाला बळ मिळाले, हेही तितकेच खरे.

लेबो यांच्या सोबत धावलेल्या ग्रेटे वाइट्झ यांनाही पुढे कर्करोगाने गाठले. उपचार सुरू असतानाच २००७ मध्ये त्यांनी नॉर्वेत एक प्रतिष्ठान स्थापन केले. कर्करुग्णांना उपचारांच्या काळात व्यायामाची जोड मिळावी आणि त्यासाठी रुग्णालयांमध्येच सोय व्हावी, हा त्याचा उद्देश होता. मित्राने रुग्णालयाच्या मार्गिकेत एकट्याने आरंभिलेले काम त्यांनी आपल्या देशात संस्थारूपाने उभे केले. १९ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेल्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने नॉर्वेतील रुग्णालयांत रुग्णांसाठी व्यायाम केंद्रे उभी राहिली.